सोडलं म्हणून लिहून द्या

कपाट बंद करण्याआधी नाना त्याला विचारायचे, "कुनी हाय का आत?"

कपाट लोखंडी, चार फूट उंच, खालपासून वरपर्यंत जुन्या हजेरीपुस्तकांनी भरलेलं. आत मांजर शिरायलाही जागा नव्हती. तरी नाना दोन्ही दारं धरून, मान थोडी आत घालून विचारायचे, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यायचे आणि मगच कडी लावायचे. हाच प्रश्न ते बाथरूमला विचारायचे, जिन्याखालच्या अडगळीला विचारायचे आणि संस्थेच्या जीपवर ताडपत्री टाकण्याआधी जीपलाही विचारायचे. मी सेलूच्या त्या कार्यालयात अधीक्षक म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत एक काम लिहिलेलं आहे: 'नानांना डोळे तपासून घ्यायला सांगणे.' दुसऱ्या आठवड्यात ते खोडलेलं आहे. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती.

आमची शिक्षणसंस्था. तालुक्यात तीन शाळा आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी एक हंगामी वसतिगृह. कार्यालयात माणसं मोजकी. मी, सुनंदा नावाची क्लार्क, चाचा नावाचे शिपाई आणि रेकॉर्ड सांभाळणारे नाना. रेकॉर्डरूम म्हणजे मागची लांबट खोली. नाना तिला दफ्तर म्हणायचे आणि चपला बाहेर काढून आत जायचे.

दफ्तराचा एक कायदा होता. रॅकमधून फाईल काढली की तिच्या जागी एक चिठ्ठी खोचायची: कोणी नेली, कधी, कशासाठी. चिठ्ठीला कागद कोरा वापरायचा नाही. नाना गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका जमवायचे आणि त्यांच्या पाठीवर लिहायचे. त्यामुळे रॅकमधून ठिकठिकाणी गणपती डोकावत असायचे. जिथे गणपती, तिथली फाईल बाहेर. चाचा आपल्या नातेवाइकांकडच्या पत्रिका आणून द्यायचे, त्यांच्यावर चंद्रकोर असायची. त्या नानांनी परभणीला गेलेल्या फायलींसाठी राखून ठेवल्या होत्या. एकदा चाचा म्हणाले, "नाना, हमारा चांद परभनीलाच का पाठवता हो तुमी?" नाना गंभीरपणे म्हणाले, "परभनीहून वापस यायला चांदालाच जमतंय. दर महिन्याला येतो तो."

फाईल परत आली की काम संपत नसे. नेणाऱ्याने त्याच चिठ्ठीवर 'सोडली' असं लिहून सही करायची. नुसती आणून टेबलावर ठेवली तर नाना ती आत घ्यायचे नाहीत. "आनली म्हंजे सोडली असं न्हाई. माणूस फाईल टेबलावर ठेवतो आन मनात धरून बसतो. सोडलं म्हणून लिहून द्या." ज्या फायली नष्ट करायच्या, त्यांच्या बाबतीत तर हे फारच कडक. मुदत संपलेले कागद फाडायचे असले तरी एकही चिठ्ठी उघडी असली, तर नाना गठ्ठ्याला हात लावू देत नसत. एका शिक्षकाने बदली होऊन जाताना चिठ्ठी सोडली नव्हती. तो गठ्ठा फाडण्याची तारीख उलटून पाच वर्षं गेली, तरी तो तिथेच. मी विचारलं तर म्हणाले, "सर यातून उठले न्हाईत अजून."

मग कार्यालयात संगणक वाढले. मागच्या खोलीत एक मोठं मशीन, सगळ्या फायली त्याच्यात, आणि बाहेरच्या टेबलांवर त्याला जोडलेली चार छोटी. नाना चौथ्यावर बसायचे. एक दिवस ते काहीतरी जुनं काढून टाकायला गेले आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. त्यांनी सुनंदाला बोलावलं. तिने वाचून अर्थ सांगितला: ही फाईल दुसरीकडे उघडी आहे, आधी ती बंद करा, मग खोडता येईल.

नाना खुर्चीवरून उठले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हे मशीन दफ्तरात काम केलेलं हाय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून पाटी आली की नाना कार्यालयभर फिरायचे. प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून विचारायचे, "तुमी बसलाव का त्यात?" ज्याने उघडली असेल त्याने बंद करायची आणि पत्रिकेच्या पाठीवर लिहून द्यायचं. सुरुवातीला मी विरोध केला. मग हिशेब केला की विरोध करण्यात जास्त वेळ जातो, आणि सही करायला लागले.

सोनपेठचा प्रकार याच काळातला. नवीन वेळापत्रक आलं होतं, जुनं काढून टाकायचं होतं. ते सुनंदाच्या मशीनवर उघडं राहिलेलं, मशीनला तिचा पासवर्ड, आणि सुनंदा बहिणीच्या लग्नाला चार दिवसांच्या रजेवर सोनपेठला. मी नानांना सांगितलं, तिचं मशीन बंद करून परत सुरू करा, एक मिनिटाचं काम आहे.

"आन आत बाई बसलेली असताना वरून पत्रे काढायचे?"

"नाना, आत कोणी बसलेलं नाही. सुनंदा सोनपेठला आहे."

"म्हनूनच म्हनलं. तिला विचारल्याबिगर कसं काढता?"

"फोन करा."

"फोनवर सही करता येती का?"

दुसऱ्या दिवशी नानांनी किरकोळ रजा टाकली, पाथरीला गाडी बदलली आणि सोनपेठला पोहोचले. आठवडी बाजाराचा दिवस, गाडीत कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी उभं राहून. पुढचं सुनंदाने मला सांगितलं. हळद लागायची वेळ, मांडवात दोन्हीकडची माणसं, आणि हा अनोळखी माणूस दारात उभा राहून शांतपणे म्हणतोय, "पोरीला जरा बोलवा. सोडलं म्हणून तिची सही पाहिजे." नवऱ्याकडचे दोन जण उठून उभे राहिले. नवऱ्याच्या मामांनी विचारलं, कोणी कोणाला सोडलं? नाना म्हणाले, "ते आतलं हाय. दफ्तरातलं. तुमाला सांगता येत न्हाई." सुनंदा हळदीच्या हातांनी धावत आली, सही केली, सगळ्यांना खुलासा केला, आणि नानांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ती पत्रिका पुढे रॅकमध्ये होती. पाठीवर पिवळा अंगठा होता. गंमत म्हणजे पत्रिका दुसऱ्याच कोणाच्या लग्नाची होती, त्यामुळे मांडवात ती ज्यांच्या हाती पडली त्यांची आणखी दहा मिनिटं गेली.

नानांचा एकाच मशीनवर राग होता, मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर. ते परभणीच्या एका इंजिनिअरने बसवलं होतं, आणि त्या मशीनची जात वेगळी होती. बाहेरची चार मशीनं फाईल उघडी असली की पाटी दाखवायची. मोठ्या मशीनवर बसून काही खोडलं, तर ते विचारत नसे. खोड म्हटलं की खोडलं. "ह्याला घरचं वळण न्हाई," नाना म्हणायचे. त्या खोलीत जाताना ते चपला काढत नसत.

आता व्हरांड्याबद्दल सांगायला हवं.

दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या उसाला निघतात. आईबाप सहा महिने कारखान्याच्या भागात, मुलं आमच्या वसतिगृहात. मागे राहिलेले आजी-आजोबा, चुलते बाजाराच्या दिवशी येऊन बघायचे की आपल्या लेकराचं नाव लागलंय का. पहिल्या वर्षी यादी फळ्यावर डकवली, ती बकरीने खाल्ली. दुसऱ्या वर्षी उंच डकवली, ती कोणालाच वाचता येईना. मग नानांनी इंजिनिअरला सांगून व्हरांड्यात एक जुना टीव्ही लावून घेतला आणि तो मोठ्या मशीनला जोडला. इंजिनिअरने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो यादी उघडायचा आणि एकेक ओळ पडद्यावर दाखवायचा. मुलाचं नाव, गाव, बाप कोणत्या कारखान्यावर आहे, त्याचा फोन, मुलाला कोणाच्या हवाली करायचं, काही औषध असेल तर ते. सहा सेकंदांनी पुढची ओळ. शेवटची झाली की पुन्हा पहिली. रविवारीही.

माझ्या वहीत याबद्दल तीन नोंदी होत्या: वीज वाया जाते, फोन नंबर चारचौघांत दिसतात, टीव्ही बंद करणे. नानांशी तीनदा बोलले. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मॅडम, लेकरं आत हायत."

त्या वर्षी मी कार्यालयात कागद कमी करण्याचं मनावर घेतलं होतं. त्यामुळे वसतिगृहाचे छापील अर्ज बंद केले. टोळ्या निघायच्या दिवशी सुनंदा आणि नाना ट्रकपाशी लॅपटॉप घेऊन उभे राहिले आणि आईबापांनी सांगितलं तसं थेट टाइप केलं. संमतीच्या सही-अंगठ्यासाठी एकच मोठा कागद, त्यावर एक ते सत्तावन्न आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे अंगठा. आकड्याला कोणाचं नाव, ते यादीत. ही पद्धत माझी होती. मला तिचा अभिमान होता.

तपासणी दुपारी तीनला येणार होती. परभणीहून एक अधिकारी वसतिगृह बघणार, यादी आणि अंगठ्यांचा कागद जुळवणार, मग पुढच्या सहा महिन्यांची परवानगी. मी सकाळी साडेनऊला मोठ्या मशीनवर बसले आणि सफाई काढली. यादीच्या नावाने तिथे सात फायली होत्या. 'यादी', 'यादी नवीन', 'यादी नवीन २', 'यादी फायनल', 'यादी फायनल नवीन', 'यादी फायनल खरी' आणि 'यादी जुनी'. अधिकाऱ्यासमोर असला पसारा दिसायला नको. मी 'यादी फायनल खरी' ठेवली आणि बाकीच्या सहा खोडल्या. मशीनने काही विचारलं नाही. वहीत खूण केली.

साडेदहाला 'यादी फायनल खरी' उघडली. ती गेल्या वर्षीची होती.

सुनंदाला विचारलं, चालू यादी कोणती? ती म्हणाली, "'यादी जुनी'. नानांनी नाव ठेवलं. जुनी म्हटलं की कोणी हात लावत नाही म्हणाले."

 मुलांची नावं मुलांना विचारता आली असती. पण बाप सध्या कोणत्या कारखान्यावर, त्याचा चालू नंबर, कोण न्यायला आलं तर द्यायचं आणि कोण आलं तर द्यायचं नाही, हे दुसरीत-तिसरीत शिकणारी मुलं काय सांगणार? एक्केचाळीस नंबरच्या मुलीला फिट्स यायच्या, तिच्या गोळ्यांचं नाव फक्त त्या ओळीत होतं. वसतिगृहात चारच दिवसांच्या गोळ्या होत्या, त्याही वेष्टनाशिवाय, डबीत. आणि तीन वाजता मी अधिकाऱ्याला सत्तावन्न अंगठे दाखवणार होते, कोणाचे ते माहीत नसलेले. संमती नाही म्हणजे परवानगी नाही. परवानगी नाही म्हणजे मुलं आईबापांकडे, उसाच्या फडात. शाळा संपली.

नाना आले. मी सांगितलं. मला वाटलं होतं ते बोलतील, दोन वर्षांचं सगळं बोलतील. ते सरळ व्हरांड्यात गेले आणि अर्ध्या मिनिटाने परत आले.

"आत हायत," ते म्हणाले.

मी बाहेर गेले. टीव्हीवर तेविसावी ओळ होती. मग चोविसावी आली.

इंजिनिअरला फोन लावला. त्याने आधी मला गप्प केलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त नाव खोडलंय. व्हरांड्यातला प्रोग्राम त्या फाईलला धरून बसलाय. तो धरून आहे तोवर ती आहे, फायलींच्या नावांत दिसणार नाही एवढंच. त्याने सोडली की मग खरी गेली. काही बंद करू नका, काही सुरू करू नका. मशीन बंद पडलं तर संपलं. मी येणाऱ्या गाडीने निघतो."

"गाडी किती वाजता आहे?"

"वेळेवर आली तर बाराला सेलूत."

नाना बाजूला उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "म्हंजे मी म्हनत होतो तेच."

"काय?"

"नाव खोडलं म्हणून आतलं उठत न्हाई."

मग माझ्या लक्षात आलं की रोज बारा वाजता गावातली लाईट जाते आणि तीनला येते. मोठ्या मशीनच्या बॅटरीचा डबा दहा मिनिटं टिकायचा, टीव्ही तर त्याच्यावर नव्हताच. हे नानांच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. ते व्हरांड्यात बाकडं ओढत होते.

"गाडीचा काय भरवसा न्हाई," ते म्हणाले. "लिहून घ्या."

सहा सेकंदांत एका माणसाला पूर्ण ओळ लिहिता येत नाही. पहिल्या फेरीत हे सिद्ध झालं. नानांनी वाटणी केली. सुनंदाने नाव आणि गाव, मी फोन आणि कारखाना, चाचांनी हवाली कोणाच्या आणि औषध. नाना स्वतः टीव्हीखाली उभं राहून ओळीचा आकडा पुकारणार. मी विचारलं, चाचा एवढ्या वेगाने लिहितील का? नाना म्हणाले, "बघाच तुमी." चाचा उर्दूत लिहायला लागले. उजवीकडून डावीकडे, मान वर न करता, आमच्या दोघींच्या दुप्पट वेगाने.

"सतरा," नाना म्हणायचे. "लिवलं? अठरा."

"नाना, सतराचा शेवटचा आकडा राहिला."

"पुढच्या फेरीला. एकोनीस."

एक फेरी पावणेसहा मिनिटांची. नातवाचं नाव बघायला आलेले एक आजोबा पायरीवर बसून हे बघत होते. त्यांनी चाचांना विचारलं, "परीक्षा हाय का काय?" चाचा म्हणाले, "हां. मॅडम नापास झाल्या ना, सबको बिठाया."

पाचव्या फेरीत ती बकरी आली. तीच होती की नाही सांगता येत नाही, पण सुनंदाच्या कागदाकडे तिची नजर सराईत होती. आजोबांनी तिला शिंगाला धरून ठेवलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. या कामगिरीत त्यांची नेमणूक कोणी केली नव्हती.

पावणेबाराला नाना शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे मोठा इन्व्हर्टर होता. खिडकीतून वायर ओढली, बॅटरीच्या डब्याच्या पिनेवर हात ठेवून तयार राहिले. बाराला पाच मिनिटं असताना लाईट गेली. टीव्ही काळा झाला. बॅटरीचा डबा ओरडायला लागला. नानांनी पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. डबा गप्प झाला. टीव्हीची पिनही तिकडे लावली. पडदा उजळला.

"छत्तीस," नाना म्हणाले. "मधले पुढच्या फेरीला."

झेरॉक्सवाला एक वाजता दुकान बंद करून जेवायला जायचा. इन्व्हर्टरही बंद करून जायचा, तसा त्याचा नेम होता. नाना त्याच्यापुढे पत्रिका घेऊन उभे राहिले. मी खिडकीतून ऐकत होते.

"लिहून द्या. तीन वाजेपर्यंत सोडनार न्हाई."

"काय सोडणार नाही?"

"काहीच सोडू नका. इथंच बसा."

"नाना, बायको वाट बघायली."

"तिलाबी लिहून देतो."

त्याने लिहून दिलं. चाचा त्याचा डबा घरून घेऊन आले. नाना काउंटरपाशी स्टुलावर बसून राहिले, एक हात वायरीवर. जणू वायर उठून जाणार होती.

इंजिनिअर दीड वाजता आला. गाडी मानवत रोडला थांबून राहिली होती. तो मोठ्या मशीनसमोर बसला, काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप केल्या आणि खुर्ची मागे सरकवली. "झालं. नवीन नावाने उतरवून घेतली."

नाना वायर सोडून आत आले होते. "एवढंच?"

"एवढंच."

"कोनाला विचारलं?"

इंजिनिअर नानांना ओळखून होता. "प्रोग्रामलाच विचारलं, काका. त्याच्याच हातातून घेतली."

नानांनी मोठ्या मशीनकडे बघितलं. "तसं असंल तर ठीक," ते म्हणाले. आणि दाराबाहेर जाऊन चपला काढून परत आले.

मी झेरॉक्सच्या दुकानात यादी छापून घेतली आणि आमच्या हाताने लिहिलेल्या कागदांशी ताडून बघितली. चाचांनी आपला रकाना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांची एकही चूक नव्हती. माझ्या दोन होत्या.

अधिकारी सव्वातीनला आले. पाच अंगठे जुळवले, एक्केचाळीस नंबरच्या मुलीला बोलावून गोळ्यांबद्दल विचारलं, यादीतलं नाव डबीवर चिकटवायला सांगितलं, परवानगीवर सही केली. निघताना विचारलं, "तुमच्या सगळ्यांच्या हाताला शाई कशी काय?" चाचांनी हात मागे घेतले. मग ते म्हणाले, "आणि बाहेर ते आजोबा बकरी धरून का बसलेत?" आजोबांना कोणी सांगायचंच विसरलं होतं.

संध्याकाळी पाचला नाना माझ्या टेबलापाशी आले. पत्रिका पुढे ठेवली, पालथी. मी लिहिलं: 'यादी मी खोडली.' सही केली. त्यांनी वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली.

"न विचारता लिहा."

मी 'न विचारता' लिहिलं. त्यांनी ती नेऊन रॅकमध्ये खोचली. बाहेरच्या बाजूला गणपती.

एप्रिलमध्ये टोळ्या परतायला लागल्या. एकेक मूल घरी जायचं. टीव्ही मात्र सत्तावन्न ओळी दाखवत होता. शेवटी एक्केचाळीस नंबरची मुलगी राहिली. तिच्या बापाचा कारखाना उशिरा बंद झाला. नऊ दिवस ती एकटी होती, व्हरांड्यात बसून आपली ओळ यायची वाट बघायची. ओळ आली की पाय हलवणं थांबवायची. मी मनात म्हटलं, आता तरी ही यादी बंद करायला हरकत नाही. वहीतही लिहिलं. पण टीव्हीला हात लावला नाही.

बाप आला. नानांनी त्याला ओळीसमोर उभं केलं, नाव जुळवलं, सही घेतली. मुलगी गेली. नानांनी टीव्हीसमोर उभं राहून विचारलं, "कुनी हाय का आत?" पुरेसा वेळ दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता खोडा." मी खोडली. त्या वेळी कार्यालयातले सगळे माझ्यामागे उभे होते, हे मी वळल्यावर पाहिलं.

त्या डिसेंबरला नाना निवृत्त झाले. जाताना त्यांनी हातातली प्रत्येक वस्तू पत्रिकेवर लिहून सोडली. खुर्ची सोडली. किल्ल्या सोडल्या. चहाचा कप सोडला. छत्री टांगायचा खिळा सोडला. चाचांनी विचारलं, "और मैं?" नानांनी एक चंद्रकोरवाली पत्रिका काढली, बराच वेळ विचार केला आणि कोरीच खिशात ठेवली.

जानेवारीत माझ्या वहीत काम होतं: 'नानांचं नाव मशीनमधून काढणे.' प्रत्येक कर्मचाऱ्याचं मशीनमध्ये खातं असतं. माणूस गेला की काढायचं, नियमच आहे. इंजिनिअरने फोनवरून सांगितलं तसं मी मोठ्या मशीनवर टाइप केलं. आणि त्या मशीनने, ज्याने आजवर कोणाला काही विचारलं नव्हतं, इंग्रजीत एक ओळ लिहून नकार दिला. ओळीचा अर्थ असा की हा माणूस सध्या वापरात आहे.

"व्हरांड्याचा प्रोग्राम काकांच्या खात्यावर चालतो," इंजिनिअर म्हणाला. "जोरजबरदस्तीने काढता येतं. काढू का?"

व्हरांड्यात त्या हंगामाची यादी चालू होती. बावन्न मुलं. मी म्हटलं, थांबा.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वालूरच्या गाडीत बसले. नानांचं घर वालूरला. पर्समध्ये लग्नपत्रिका होती, पाठीवर मी मजकूर लिहून नेला होता: 'मोठ्या मशीनमधील खाते मी सोडले.' खाली सहीला जागा. नाना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी खाट पुसून दिली, सुनेला चहा सांगितला, पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली.

"लग्न कोनाचं हे?"

"माहीत नाही, नाना. चाचांनी दिली."

"चांगलं झालं असंल." त्यांनी पाठ पुन्हा वाचली. "यंदा किती लेकरं हायत?"

"बावन्न."

"आत हायत?"

"हो. एप्रिलपर्यंत."

"मग मी सही कशी करू, मॅडम?" त्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. "शेवटचं लेकरू गेलं की बघू."

मी चहा पिऊन परत आले. वहीत खूण करता आली नाही.

एप्रिलचा तो दिवस मला आठवतो. शेवटच्या मुलाला त्याचा मामा घेऊन गेला. मी सुनंदाला विचारलं, चाचांना विचारलं, मग प्रोग्रामला यादी सोडायला लावली आणि खोडली. व्हरांड्यातला पडदा रिकामा झाला, पण बंद झाला नाही. प्रोग्राम चालूच होता, दाखवायला काही नव्हतं एवढंच. आता नानांचं खातं काढायला कशाचीच अडचण नव्हती. वालूरला जाऊन सही आणायची, दोन तासांचं काम.

तेवढ्यात कार्यालयाचा फोन वाजला. चाचांनी घेतला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला.

"कुनी हाय का आत?" नानांनी विचारलं.

मी दारातून बाहेर बघितलं. रिकामा पडदा उजळलेला होता. पुरेसा वेळ गेला.

"एक जण आहे," मी म्हटलं.

 तिकडून कोंबड्यांचा आवाज आला.

"मग कडी लावू नका," ते म्हणाले.

मी दर जानेवारीला नवी वही करते आणि राहिलेली कामं जुनीतून नवीत उतरवते. बहुतेक वर्षी एकच राहिलेलं असतं. ते मी पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत लिहिते.